गोंगाटातला एक मिलिव्होल्ट

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला एक प्रॅक्टिकल असतं: स्वतःचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख, काढायचा. हॉस्पिटलातल्या यंत्रावर नाही, स्वतः जोडलेल्या सर्किटवर. आमच्या टेबलावर एक ब्रेडबोर्ड होता, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक चिप, मूठभर रेझिस्टर आणि चार वायरी. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. जेल लावून चिमटे बसवले आणि आम्ही चौघं सीआरओच्या, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर वाकून ठोक्याची वाट बघत राहिलो. दिसला तो एक जाड हिरवा पट्टा. पडद्यावरचा वेळ ताणल्यावर पट्ट्याची लाट झाली, सेकंदाला बरोबर ५० वेळा वरखाली होणारी. इतक्या वेगाने कुणाचंच हृदय चालत नाही. सेकंदाला तेवढ्याच वेळा वरखाली होणारी भिंतीतली वीज आमच्या मित्राच्या अंगात बोलत होती.

सरांनी काहीच दुरुस्त केलं नाही. एवढंच विचारलं, "यातलं तुम्हाला हवं ते कुठलं आणि नको ते कुठलं?" तो प्रश्न मला पुढे प्रत्येक विषयात भेटत गेला. शरीरक्रियाशास्त्र, सर्किट्स, सिग्नल प्रोसेसिंग, बायोमटेरियल्स, बायोमेकॅनिक्स अशी या शाखेची लांबलचक यादी असते. मुंबई आयआयटीत १९८८ पासून आणि दिल्लीत आयआयटी व एम्स यांच्या संयुक्त केंद्रात १९७१ पासून हे सगळं शिकवलं जातं. पण कुणी शेजारचा मुलगा येऊन "तिथे नेमकं काय शिकवतात?" असं विचारतो, तेव्हा मी त्याला यादी सांगत नाही. त्या हिरव्या पट्ट्याची गोष्ट सांगतो.

साधा पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. हृदयाचा ठोका छातीच्या आतून त्वचेपर्यंत पोचतो तेव्हा साधारण एक मिलिव्होल्ट उरतो, म्हणजे त्या सेलचा जेमतेम दीड हजारावा भाग. भिंतीत मात्र २३० व्होल्ट धावत असतात. वायर आणि माणूस यांच्या मधे हवा आहे, पण दोन वाहकांच्या मधे अवाहक आला की त्याचा कपॅसिटर होतो. या अदृश्य कपॅसिटरमधून वीज अगदी किंचित झिरपते. आपल्याला ती जाणवत नाही, पण तेवढ्यानेही शरीराचा विद्युत दाब, म्हणजे व्होल्टेज, हृदयाच्या मिलिव्होल्टच्या कितीतरी पट वरखाली होतो. ट्यूबलाइट बंद करून फारसा फरक पडत नाही. खोलीत वायरिंग आहे तोवर माणूस हा अँटेना आहे.

मग ठोका वेगळा कसा काढायचा? एकाच होडीत दोन माणसं उभी आहेत असं समजा. भरती आली आणि होडी दोन मीटर वर गेली, तरी त्या दोघांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो. भिंतीतली वीज ही भरती आहे, ती दोन्ही हात एकदमच उचलते. हृदयाचा ठोका मात्र एका हाताला थोडा उंच, दुसऱ्याला थोडा ठेंगणा करतो. इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर नावाची चिप फक्त हा फरक मोठा करते. चांगली चिप दोघांत सामाईक असलेल्या भागापेक्षा फरकाला एक लाख पट जास्त महत्त्व देते.

कागदावर एवढ्याने काम संपतं. टेबलावर संपत नाही. एका मनगटावर जेल नीट बसली आणि दुसऱ्यावर कोरडी कातडी राहिली, तर होडी तिरकी होते आणि भरतीचाच काही भाग 'फरक' बनून चिपमध्ये शिरतो. म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने कातडी घासून घेणं हे चिपच्या किमतीहून मोलाचं असतं. आम्ही ते घाईत उरकलं होतं.

दुसरी चूक आणखी शिकवून गेली. एक मिलिव्होल्टला हजारपट वाढवायचं, तर पहिल्याच टप्प्यात हजारपट का नको? आम्ही तसंच केलं आणि आउटपुट पार वर जाऊन चिकटलं, हलेचना. कारण धातू आणि खारट जेल भेटतात तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते. चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडवर, म्हणजे कातडीला लागणाऱ्या चकतीवर, ती २२० मिलिव्होल्टच्या आसपास असते. दोन इलेक्ट्रोड अगदी जुळे असते तर या दोन बॅटऱ्यांनी एकमेकींना पुसून टाकलं असतं, पण जुळे नसतातच. म्हणून ईसीजी यंत्राने ३०० मिलिव्होल्टपर्यंतचा असा स्थिर फरक सोसावा, अशी अपेक्षा असते. ३०० मिलिव्होल्टला हजारने गुणा, ३०० व्होल्ट होतात. आमची बॅटरी ९ व्होल्टची. म्हणून आधी थोडंच वाढवायचं, स्थिर भाग गाळायचा आणि मगच उरलेलं मोठं करायचं. हृदयाच्या मिलिव्होल्टआधी इलेक्ट्रोडच्या शेकडो मिलिव्होल्टची सोय लावावी लागते, हे वर्गातल्या फळ्यावर कुणाला खरं वाटलं नसतं.

आणि ती काळी वायर? ती काहीच मोजत नाही. दोन्ही हातांत सामाईक असलेला दाब घ्यायचा, उलटा करायचा आणि उजव्या पायातून परत शरीरात सोडायचा, एवढंच तिचं काम. भरती जेवढी वर ढकलते तेवढंच ती खाली ओढते. कातडी नीट घासून, वायरींना पीळ देऊन ती जोडली, आणि पट्टा बारीक होत होत रेघ झाला. रेघेवर टोकं उगवली. मित्राने श्वास रोखून धरला होता, आम्हीही.

शरीरात वीज सोडायची म्हटल्यावर वाचकाला भीती वाटेल, आणि ती वाटायलाच हवी. त्या वायरीच्या वाटेवर मोठा रेझिस्टर बसवलेला असतो, आणि सर बॅटरीखेरीज काहीही जोडू देत नसत, ते याचसाठी. १ मिलिअँपिअर प्रवाह बोटाला मुंग्या आणतो. १० च्या आसपास स्नायू आवळतात आणि हातातली वस्तू सुटत नाही. छातीतून १०० च्या घरात गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. पण रुग्णाच्या शिरेतून थेट हृदयापर्यंत नळी गेलेली असेल, तर कातडीचं संरक्षणच उरत नाही आणि सगळे आकडे कोसळतात. अशा यंत्रातून नेहमीच्या स्थितीत रुग्णाकडे १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती होऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे मुंग्या आणणाऱ्या प्रवाहाचा शंभरावा भाग. आयसीयूत कुणाला भेटायला गेलात तर मॉनिटरवर वायर जोडायच्या जागेशी बघा. चौकोनात छोटं हृदय काढलेलं असेल, तर ती जागा या कडक नियमात बसते.

हा सगळा खटाटोप शंभर वर्षांपूर्वी कुणी चिपशिवाय केला होता, हे कळल्यावर मी बराच वेळ त्याच विचारात होतो. विलेम आइंटहोव्हेन. जन्म १८६० चा, जावा बेटावरच्या सेमारांगचा, काम नेदरलँड्समधल्या लायडनला. आधी त्याच्याकडे पारा भरलेल्या केशनळीचं उपकरण होतं. पारा जड, त्यामुळे ठोक्याच्या मागून रेंगाळत हलायचा. आइंटहोव्हेनने पाऱ्याचा हा आळस गणिताने मोजला आणि आलेखातून वजा केला. उपकरणाने काढलेल्या आकृतीला त्याने ए, बी, सी, डी अशी नावं दिली होती. दुरुस्त केलेल्या आकृतीला वेगळी अक्षरं हवी होती, म्हणून पी, क्यू, आर, एस, टी. आज प्रत्येक ईसीजी वाचताना डॉक्टर हीच अक्षरं वापरतात.

मग १९०१ मध्ये त्याने जगासमोर मांडलं ते तारेचं गॅल्व्हानोमीटर: चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा धागा, केसाहून कितीतरी बारीक, प्रचंड विद्युतचुंबकाच्या मधे ताणलेला. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो. चालवायला पाच माणसं. रुग्णाने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. लाल, पिवळी आणि हिरवी वायर आजही त्याच तीन जागी लागते. धाग्याने जो आलेख काढला, तो आधी गणिताने काढलेल्या आलेखाशी जुळला. मला या कामातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं.

या जुळण्यामागची सावधगिरी आज जास्त लागते, कारण गाळणं आता फार सोपं झालंय. श्वासाबरोबर छाती हलते आणि ईसीजीची मूळ रेघ लाटेसारखी वरखाली होते. ०.५ हर्ट्झच्या खालचं, म्हणजे दोन सेकंदांत एकदाहूनही संथ हलणारं, सगळं गाळून टाकलं की रेघ सरळ होते, पडद्यावर छान दिसते. पण एस आणि टीच्या मधला सपाट तुकडा उचलला गेलाय का, यावरून डॉक्टर हृदयविकाराचा झटका ओळखतात. तो संथ तुकडाही या गाळणीत वाकू शकतो: नसलेला उचल दिसू शकतो, असलेला झाकला जाऊ शकतो. म्हणून निदानासाठीचा ईसीजी ०.०५ हर्ट्झपासून घ्यायचा असतो. रेघ डुलली तर डुलू द्यायची, रुग्णाला शांत पडून राहायला सांगायचं. नीटनेटका आलेख बघून खूश होणाऱ्या विद्यार्थ्याला हे कुणीतरी वेळेवर सांगावंच लागतं. मला एका मॅडमनी व्हायवात सांगितलं, माझे मार्क कापून.

आणि गाळून फेकलेली ती श्वासाची लाट? श्वासाचा वेग हवा असेल तर तीच कामाची. हात घट्ट धरला की ईसीजीवर जी थरथर येते, ती स्नायूची वीज असते. कृत्रिम हात चालवायचा तर मोजायची ती थरथरच.

असं उलटणं सगळ्यात लख्ख दिसतं ते पल्स ऑक्सिमीटरच्या, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राच्या, जन्मात. ताकुओ आओयागी हे निहॉन कोडेन या जपानी कंपनीत इंजिनिअर होते. त्यांना हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं ते मोजायचं होतं: शिरेत रंग सोडायचा आणि कानाच्या पाळीतून प्रकाश घालून तो रंग किती फिका होत जातो ते बघायचं. पण प्रत्येक ठोक्याला पाळीतलं रक्त वाढायचं आणि आलेख उड्या मारायचा. उड्या घालवायला त्यांनी दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरला, एक दुसऱ्यातून वजा केला. जमलं. पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की ही वजाबाकी फसायची. त्यांनी तो दोष दुरुस्त करत बसण्याऐवजी त्याच्याकडे नीट बघितलं. वजाबाकी ऑक्सिजनमुळे फसते, तर तिच्यावरून ऑक्सिजन मोजता येईल. आणि ठोक्याबरोबर उडणारा भाग हा धमनीतल्याच रक्ताचा. हाड, कातडी, शिरा तिथल्या तिथे असतात. १९७४ मध्ये त्यांनी हे मांडलं. २०२० च्या उन्हाळ्यात धारावीत घरोघरी बोटांना लागलेली चिमुकली यंत्रं याच तत्त्वावर चालत होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आओयागी वारले.

बोटातून आरपार येणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग ठोक्याबरोबर हलतो. तांबडा ६६० नॅनोमीटरचा आणि डोळ्यांना न दिसणारा ९४० चा, या दोन्हींतल्या हलत्या भागांचं गुणोत्तर काढायचं आणि एका तक्त्यात बघायचं. तो तक्ता माणसांवर बनतो: निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, तीही रक्तातला ऑक्सिजन साधारण ७० टक्क्यांवर येईपर्यंतच. त्याखालचे आकडे अंदाजाने वाढवलेले असतात. आणि स्वयंसेवक कोण होते, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या संशोधकांनी दाखवलं की यंत्र ९२ ते ९६ टक्के म्हणत असताना धमनीतलं प्रमाण प्रत्यक्षात ८८ च्या खाली असणं, हे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत घडलं, तर कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. कातडीतलं मेलॅनिन हलत नाही म्हणून ते आपोआप वजा होईल, असं आम्हीही प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिलं होतं. आपल्या देशात, जिथे एकाच घरात चार वर्ण असतात, तिथे ही मोजणी नव्याने झाली पाहिजे, आणि ती इथल्या विद्यापीठांत व्हावी असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या वर्षी आम्ही तिघांनी प्रोजेक्टला गर्भाचा ईसीजी घेतला. आईच्या पोटावर इलेक्ट्रोड लावले की बाळाचं हृदयही ऐकू येतं, पण जेमतेम काही दहा-वीस मायक्रोव्होल्टचं (मायक्रोव्होल्ट म्हणजे मिलिव्होल्टचा हजारावा भाग), आणि त्यावर आईचं हृदय कितीतरी मोठ्याने वाजत असतं. पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये ज्या टोकांसाठी श्वास रोखला होता, तीच आता नको होती. पोलंडमधल्या कातोवित्से इथल्या पाच गरोदर बायकांच्या नोंदी फिजिओनेट या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुल्या आहेत: पोटावरचे चार सिग्नल, आणि खात्रीसाठी प्रसूतीदरम्यान थेट बाळाच्या डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडचा पाचवा.

आम्ही आईचे ठोके शोधले, त्यांची सरासरी आकृती काढली, प्रत्येक ठोक्यावर बसवून वजा केली. उरलेल्या रेघेत बारीक टोकं उगवली, आईच्या जवळपास दुप्पट वेगाची. पण मधेच एखादं टोक गायब असायचं. बाळाचा ठोका चुकला, की आमची वजाबाकी? रात्री हॉस्टेलवर आम्ही पाचवा सिग्नल त्याखाली मांडून एकेक जागा तपासली. बहुतेक ठिकाणी बाळाचा ठोका होताच. तो नेमका आईच्या ठोक्याच्या क्षणी पडला होता, आणि आईला पुसताना आम्ही त्यालाही पुसलं होतं.