फायबरला पाटकरी हवा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत गेल्या उन्हाळ्यात काही कामासाठी बसलो होतो. भिंतीवर एक पांढरी डबी, तिच्यावर चार-पाच बारीक दिवे. बाकीचे हिरवे आणि एक लाल, लुकलुकणारा. खाली ‘एलओएस’ असं छापलेलं. म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाहीये. हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या आजींना ऑपरेटर म्हणाला, “आजी, नेट नाही. सोमवारी या.”

“मागच्या सोमवारी पण असंच बोलला होतास ना, बाबा?”

पोरगा गप्प. त्याचा काय दोष? पाण्याच्या पाइपलाइनसाठी रस्त्याकडेला चर खणताना जेसीबीने फायबर तोडली होती, आणि ती जोडायची कोणी, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन आठवडे तो दिवा लाल होता.

गावोगावी ब्रॉडबँड नेण्याची केंद्राची योजना 2011 साली मंजूर झाली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या, असा तो बेत. तार किती किलोमीटर टाकली याचे आकडे आपल्याला नेहमी ऐकायला मिळतात. ती चालू किती दिवस राहते, हे मात्र फार कोणी विचारत नाही.

आता ही तार म्हणजे आहे तरी काय? सव्वाशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा काचेचा धागा, म्हणजे साधारण जाड केसाएवढा. त्याच्या पोटात नऊ मायक्रॉनचा गाभा. प्रकाश धावतो तो या गाभ्यातून. भोवतालच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, किंचित कमी असल्याने तो बाहेर न पडता आतच परावर्तित होत राहतो. 1966 मध्ये शास्त्रज्ञ चार्ल्स काओ यांनी दाखवलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश दूरवर नेता येईल. त्या वेळच्या काचेत वीस मीटरवर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा उरायचा. आजच्या फायबरमध्ये पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा उरतो. काओंना 2009 मध्ये नोबेल मिळालं, तेही याच कामासाठी.

तालुक्याच्या ठिकाणाहून निघालेली एक फायबर वाटेत एका छोट्या डबीत शिरते आणि तिच्या बत्तीसपर्यंत शाखा होतात. या डबीला स्प्लिटर म्हणतात. गंमत म्हणजे तिला वीज लागत नाही. नुसत्या काचेच्या रचनेने प्रकाश वाटला जातो. जिथे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तिथे ही मोठीच सोय.

मला यावरून बागलाणातली फड पद्धत आठवते. मोसम, आरम नद्यांवर बंधारे बांधून पाट काढायचे, पाटाच्या चाऱ्या करायच्या आणि पाणी उताराने शेतांपर्यंत न्यायचं. पाटालाही मोटर लागत नाही. पण तो काही आपोआप चालत नव्हता. पाणी कोणाला कधी सोडायचं हे बघायला पाटकरी असायचा, राखणीला जागल्या. पाट फुटला की अर्ज करून वाट बघत बसायचं नाही, फावडी घेऊन माणसं जायची. कारण पाट त्यांचा होता. काही शतकं ही व्यवस्था शेतकऱ्यांनी स्वतः चालवली. पेठच्या त्या डबीला नेमका पाटकरी नव्हता.

तार चालू राहिली तर तिचं मोल काय, हे निफाड-दिंडोरीत विचारावं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाची, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, ग्रेपनेट ही ऑनलाइन प्रणाली आहे. प्रत्येक बागेची नोंदणी, कीडनाशकांच्या अंशाचा प्रयोगशाळेतला अहवाल, पॅकहाउसमधली पेटी, सगळं एका साखळीत. तिकडच्या बंदरावर पेटीत काही सापडलं तर माग थेट बागेच्या प्लॉटपर्यंत काढता येतो. ही साखळी कागदावर चालवायची म्हटली तर माल पोचेपर्यंत नासून जाईल.

कांद्याची गोष्ट थोडी वेगळी. पिकअप भरण्याआधी शेतकरी ग्रुपवर लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, येवल्याचे भाव बघतो, डिझेलचा हिशेब करतो, मग स्टेअरिंग वळवतो. यातून खरंच दोन पैसे जास्त मिळतात का? अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी मध्य प्रदेशातल्या सोयाबीनचा अभ्यास केला. तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एका कंपनीने 2000 सालापासून तिथल्या गावांमध्ये इंटरनेट केंद्रं उघडली होती. भाव आधीच कळू लागल्यावर आसपासच्या मंडयांतला सोयाबीनचा दर सरासरी एक ते तीन टक्क्यांनी वाढला. आकडा लहान वाटेल, पण तो त्या केंद्रांत कधी न गेलेल्या शेतकऱ्यालाही मिळाला. ‘याला भाव ठाऊक असणार’ हे व्यापाऱ्याच्या डोक्यात बसलं की लिलावाची बोली बदलते. शिवाय ती कंपनी स्वतःही माल विकत घेत होती. नुसता भाव कळून उपयोग नाही, माल न्यायला दुसरी जागाही हवी, हे माझं मत त्यातूनच पक्कं झालं.

उलटा धडा वारणा खोऱ्यातल्या ऊसपट्ट्याचा. 1998 मध्ये कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं आली, गाजावाजाही खूप झाला. पुढे संशोधकांनी पाहिलं तर शेतकरी यायचे ते मुख्यतः आपल्या उसाचं वजन आणि हिशेब बघायला. मग सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलवरचा एसएमएस वापरून पाहिला, आणि तेवढ्यात काम भागलं. गावाला काय हवंय ते आधी विचारलं असतं तर?

इंग्लंडमधल्या लँकेशायरमध्ये मात्र आधी गावंच पुढे आली. मोठ्या कंपन्या वाड्यावस्त्यांवर तार न्यायला तयार नव्हत्या, म्हणून 2011 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःची ब्रॉडबँड संस्था काढली. शेतकऱ्यांनी शेतातून चर फुकट जाऊ दिली, लोकांनी स्वतः खणलं, खणलेल्या मीटरमागे रोख पैसे किंवा संस्थेचे शेअर घेतले. आज तिथे गोठ्याशेजारच्या घरातही गिगाबिटचा वेग आहे. ज्याने चर खणली त्याला तार कुठून गेलीय ते माहीत असतं, त्यामुळे त्याचा जेसीबी तिथे चालत नाही.

आपल्याकडेही 2023 मध्ये भारतनेटचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात एकेरी तारेऐवजी कडं करायचं आहे, म्हणजे एकीकडे तुटली तर डेटा दुसऱ्या बाजूने फिरून येईल. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही आहे. दिशा बरोबर आहे. पण गावाच्या हद्दीतली तार कोण सांभाळणार, त्या माणसाला पगार कोण देणार, हे ग्रामसभेत ठरलेलं मी अजून तरी पाहिलेलं नाही.

पेठला शेवटी एका गुरुवारी जोडणी करणारा पोरगा आला. विशीतला, मोटारसायकलवर मागे दोन पेट्या बांधलेल्या. पहिल्या पेटीतल्या यंत्राने त्याने फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडला. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तुटलेल्या टोकावर आपटून तो परत यायला जो वेळ लागतो, त्यावरून यंत्र अंतर सांगतं. पडद्यावर 3.2 किलोमीटर दिसलं. जाऊन-येऊन लागलेला वेळ, सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या जेमतेम तिप्पट.

आम्ही गाडीवर तिथे गेलो. त्याने धागा सोलला, स्पिरिटने पुसला, काटकोनात छाटला. दुसऱ्या यंत्रात दोन टोकं समोरासमोर आली, पडद्यावर ती दोरखंडाएवढी दिसत होती. निळसर ठिणगी उडाली आणि काच काचेत वितळली. माती झटकत तो म्हणाला, “दादा, काम पाच मिनिटांचं असतं. मला फोनच काल आला.”

परत आलो तेव्हा डबीवरचा लाल दिवा विझला होता. ऑपरेटरने घाईघाईने पोर्टल उघडलं. बाकावर कोणीच नव्हतं. आजी सोमवारी येणार होत्या.