पानांचा अर्क, दाह आणि मुक्त मूलके : दोन वाटा कुठे मिळाल्या

औषधी वनस्पतीच्या पानांच्या अर्कात ‘अँटिऑक्सिडंट आणि दाहशामक गुण’ आढळले, हे वाक्य इतक्या वेळा वाचायला मिळतं की हे दोन्ही गुण एकच वाटू लागतात. पण ते वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत.

दाहाची वाट जुनी. लाली, सूज, उष्णता, वेदना ही त्याची चार लक्षणं रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकातच लिहून ठेवली. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने विलो या झाडाच्या सालीची पूड तापाच्या सुमारे ५० रुग्णांना दिल्याचं कळवलं. १८२८ मध्ये तिच्यातला गुणकारी घटक सॅलिसिन वेगळा झाला, १८९७ मध्ये त्याच्याच कुळातलं अ‍ॅस्पिरिन तयार झालं. ते दाह कसा शमवतं, हे मात्र जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं : शरीरात दाह पेटवणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं बनणंच ते रोखतं.

दुसरी, अँटिऑक्सिडंटची वाट बरीच अलीकडची. मुक्त मूलकांमुळे, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या, झटकन प्रतिक्रिया करणाऱ्या रेणूंमुळे शरीर झिजतं, असं डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडलं. त्यांना निष्प्रभ करतात ती अँटिऑक्सिडंट. पुढे १९७३ मध्ये दिसलं, की जंतू मारताना पांढऱ्या पेशी स्वतःच सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं मुक्त मूलक सोडतात. सुजलेल्या जागी याच पेशी गोळा होतात. दोन्ही वाटा मिळाल्या त्या इथे.

आणि पानच का? उन्हात अन्न तयार करताना पानात ऑक्सिजनची घातक रूपं सतत निर्माण होतात. त्यांना तोंड द्यायला फ्लॅव्होनॉइड, क जीवनसत्त्व असा साठा पान स्वतःसाठीच बाळगतं.

तो साठा जोखण्याची सोपी रीत मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये दिली. डीपीपीएच या टिकाऊ मुक्त मूलकाचं गडद जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्क घालून अंधारात ठेवायचं. अर्कातली अँटिऑक्सिडंट त्याला निष्प्रभ करतात तसा जांभळा रंग ओसरत पिवळ्यावर येतो. किती ओसरला, ते ५१७ नॅनोमीटरला मोजायचं. स्वस्त, झटपट, डोळ्यांना दिसणारी चाचणी. शोधनिबंधांचा पूर आला त्याचं मोठं कारण हेच, असं मला वाटतं. पण डीपीपीएच शरीरात नसतंच. शिवाय पोटात गेलेले पॉलिफेनॉल (फ्लॅव्होनॉइड याच गटातले) रक्तात थोडेच उतरतात, तेही आतडं आणि यकृत यांनी रूप पालटल्यावर.

परीक्षानळी आणि शरीर यांतली ही दरी किती खोल असू शकते, ते १९९४ मध्ये कळलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. नावाजलेलं अँटिऑक्सिडंट बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली यादी मागे घेतली. परीक्षानळीतल्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही, हे त्यामागचं कारण.