४.१ चा भूकंप आणि २ ची तीव्रता: एकाच धक्क्याचे दोन आकडे

समजा, किनाऱ्यापासून ८० किलोमीटरवर समुद्रात ४.१ चा भूकंप झाला. किनाऱ्यावर तिसऱ्या मजल्यावर पडून असलेल्याला पलंग किंचित हलल्यासारखा वाटला, खाली रस्त्यावर चालणाऱ्याला काहीच कळलं नाही. मग ४.१ खरं की ‘काहीच नाही’ खरं? दोन्ही खरं. बातम्यांत दोन्ही मापांना सरसकट तीव्रता म्हणतात, घोळ तिथेच होतो.

४.१ हे मॅग्निट्यूड. ते भूकंपाचं स्वतःचं माप, एका भूकंपाला एकच. चार्ल्स रिश्टरने १९३५ मध्ये ठरवलं की १०० किलोमीटरवरच्या एका ठरावीक भूकंपमापकाच्या नोंदीत १ मिलिमीटरची रेघ उमटली, तर तो भूकंप ३ चा. १० मिलिमीटरची उमटली तर ४ चा. म्हणजे एक आकडा वाढला की हेलकावा दहापट, आणि ऊर्जा साधारण ३२ पट. मोठ्या भूकंपांसाठी आता रिश्टर वापरत नाहीत. भ्रंशाचा, म्हणजे खडकातल्या भेगेचा, किती भाग किती सरकला यावरून ‘मोमेंट मॅग्निट्यूड’ काढतात. ‘रिश्टर स्केल’ हे शब्द मात्र बातम्यांतून हटायला तयार नाहीत.

भूकंपातून निघणाऱ्या लहरींपैकी यंत्रावर आधी वेगवान पी-लहर पोचते, मागून सावकाश एस-लहर. दोघींत १० सेकंदांचं अंतर असेल तर भूकंप साधारण ८० किलोमीटरवर. तीन-चार ठिकाणच्या यंत्रांपासूनची अंतरं जुळवली की भूकंपाची जागा सापडते. समुद्रातल्या धक्क्याची पंचाईत अशी की बहुतेक यंत्रं जमिनीवर, म्हणजे एकाच बाजूला असतात. त्यामुळे भूकंपाचं केंद्र काही किलोमीटर इकडेतिकडे होतं आणि खोली तर धड ठरतच नाही. खोली ठरली नाही की गणितात ती बऱ्याचदा १० किलोमीटर धरून टाकतात. बातम्यांत ‘खोली १० किमी’ इतक्यांदा दिसते ती यामुळेही. अंतर बदललं की मॅग्निट्यूडही थोडं बदलतं. तासाभराने ४.१ चं ३.९ झालं, तर कोणी काही लपवत नसतं. आणि एवढ्या धक्क्याने त्सुनामी येत नाही, ६.५ च्या खाली तशी शक्यता फारच कमी.

तीव्रता ही जागेची. सुधारित मर्केली श्रेणीत ती १ ते १२ अशी, तीही रोमन अंकांत, म्हणजे ४.१ सारखा दशांश त्यात नसतोच. २ म्हणजे वरच्या मजल्यावर स्वस्थ बसलेल्या मोजक्यांना जाणवलं. ३ म्हणजे घरातल्यांना शेजारून ट्रक गेल्यासारखं वाटलं. एकाच भूकंपाची तीव्रता गावागणिक वेगळी, कारण अंतर, खोली आणि पायाखालची माती वेगळी. मऊ गाळावरचं घर खडकावरच्या घरापेक्षा जास्त हलतं.

पूर्वी ही तीव्रता फक्त लोकांना विचारून आणि पडझड पाहून ठरवत. आता यंत्रांच्या नोंदींवरूनही अंदाज बांधतात, पण लहान धक्क्यात माणसांची साक्ष अजून मोलाची. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा ‘तुम्हाला जाणवलं का’ हा ऑनलाइन फॉर्म जगात कुठूनही भरता येतो, आणि त्यात ‘नाही जाणवलं’ हे उत्तरही धरतात.