पोकळ गाभ्याचा प्रकाशीय तंतू

गाभ्यात काचेऐवजी हवा असलेला आणि भोवतीच्या काचेच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश त्या हवेतच कोंडून ठेवणारा तंतू. नेहमीच्या फायबरमध्ये गाभ्याचा अपवर्तनांक आवरणाहून जास्त असतो, म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तन घडते. हवेच्या गाभ्याला तो मार्गच बंद.

पहिला तोडगा फोटॉनिक बँडगॅपचा. आवरणात हवेच्या छिद्रांची नियमित जाळी असते आणि ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला तिच्यात शिरकावच मिळत नाही. ही जाळी काचेच्या नळ्या रचून बनते. रचनेतल्या मधल्या ७ किंवा १९ नळ्या वगळल्या की गाभा होतो. असा तंतू बाथ विद्यापीठातील गटाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ऱ्हास (वाटेत होणारी प्रकाशाची घट) किलोमीटरला १.२ डेसिबलपर्यंत आला आणि तिथेच अडला, कारण काच गोठताना भिंतीवर राहणारा सूक्ष्म खडबडीतपणा प्रकाश विखुरतो.

आजची अँटीरेझोनंट (भिंतीच्या अनुनादाबाहेरच्या तरंगलांब्या कोंडणारी) रचना दिसायला फारच साधी: गाभ्याभोवती पाच-सहा पातळ नळ्या, त्यांच्या पोटात आणखी नळ्या. खरे काम भिंतीच्या जाडीचे. जाडीची दुप्पट गुणिले सुमारे १.०४, भागिले १, २, ३… या तरंगलांब्यांना भिंत पारदर्शक होऊन प्रकाश गळतो. ०.५ मायक्रोमीटरची भिंत १.०४ मायक्रोमीटरला गळते, १.५५ ला रोखते. शेजारच्या नळ्या एकमेकींना चिकटल्या तर सांध्यातली जाड काच नको तिथे गळती उघडते. म्हणून तंतू ओढताना नळ्यांतला वायुदाब जपावा लागतो: कमी पडला तर पृष्ठताणाने नळ्या आक्रसतात, जास्त झाला तर फुगून चिकटतात. या घराण्यातल्या तंतूने २०२५ मध्ये किलोमीटरला ०.१ डेसिबलच्याही खालचा ऱ्हास नोंदवला. भरीव काचेला हे जमलेले नाही.

ऐरोली, रबाळे, महापे या डेटा सेंटरांच्या पट्ट्यात फायदा मोजायचा तर तो वेळेचा. काचेत किलोमीटरला ४.९ मायक्रोसेकंद, हवेत ३.३, म्हणजे १० किलोमीटरच्या जोडणीत जाऊन-येऊन सुमारे ३० मायक्रोसेकंद वाचतात.

जोडणी मात्र हातच्या सवयी मोडायला लावते. क्लीव्ह केलेले (सरळ, सपाट तोडलेले) टोक अल्कोहोलने पुसायचे नाही, ते केशाकर्षणाने आत ओढले जाते. नवी मुंबईच्या पावसाळी हवेत टोक उघडे ठेवले तर बाष्प शिरते. ते लगेच बंद करावे. स्प्लायसिंग मशीनचा (तंतूंची टोके वितळवून जोडणाऱ्या यंत्राचा) नेहमीचा आर्क, म्हणजे विद्युत ठिणगी, नळ्या वितळवून मिटवून टाकतो, म्हणून करंट कमी आणि वेळ थोडा. साध्या फायबरशी जोडताना काच-हवा सीमेवर ३ टक्क्यांहून थोडा अधिक प्रकाश परततो. तिथे परावर्तनरोधी लेप लागतो. ओटीडीआरवर (प्रकाशाचा स्पंद सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून तंतू तपासणाऱ्या उपकरणावर) उलट विखुरण इतके क्षीण येते की धडधाकट तंतूही तुटल्यासारखा दिसतो.