पॉवर सप्लायची समांतर जोडणी

एका पॉवर सप्लायला (घरच्या विजेपासून उपकरणाला लागणारी स्थिर डीसी व्होल्टता देणाऱ्या पेटीला) न झेपणारा प्रवाह रेडिओ उपकरणाला मिळावा म्हणून सारख्या व्होल्टतेच्या दोन किंवा अधिक सप्लायची धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र बांधण्याच्या पद्धतीला समांतर जोडणी म्हणतात. हौशी रेडिओचे (हॅम रेडिओचे) बहुतेक संच १३.८ व्होल्टवर चालतात. १०० वॉटचा संच ऐकताना एक-दोन अँपिअरवर भागवतो, पण प्रक्षेपणाची कळ दाबताच २० अँपिअरच्या आसपास मागतो, आणि त्यापुढे ५०० वॉटचा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर लावला तर मागणी ७०-८० अँपिअरवर जाते. बाजारात सहज मिळणारे सप्लाय मात्र ३० अँपिअरच्या आसपासचे असतात. म्हणून दोन किंवा तीन जोडण्याचा विचार पुढे येतो.

जोडणी सोपी आहे. वाटणी आपोआप होत नाही. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात दोन विहिरींच्या मोटारी एकाच पाइपलाइनवर सोडणाऱ्या शेतकऱ्याला ही अडचण वेगळ्या रूपात परिचित असते: ज्या मोटारीचा दाब जास्त, तीच पाणी ढकलते, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर ते पाणी दुसऱ्या विहिरीत उतरू लागते. सप्लायचा अंतर्गत रोध फार कमी असतो. प्रत्येक शाखेचा, म्हणजे एक सप्लाय व त्याची भारापर्यंतची तार यांचा, रोध ५ मिलिओहम (ओहमचा हजारावा भाग) धरला आणि दोघांच्या व्होल्टतेत ०.१ व्होल्टचा फरक असला, तर त्यांच्या प्रवाहांत २० अँपिअरचा फरक पडतो. म्हणजे ४० अँपिअरच्या भारात एक ३० वाहतो आणि दुसरा १०. साध्या मीटरवर हा ०.१ व्होल्ट नजरेतूनही सुटतो. पुढचे चित्र सप्लायच्या संरक्षणावर अवलंबून असते. मर्यादेला पोचल्यावर प्रवाह स्थिर राखणारा सप्लाय तग धरतो आणि उरलेला भार दुसरा उचलतो. पण अतिभार होताच बंद पडणारा सप्लाय सगळा भार जोडीदारावर टाकतो व तोही लगेच बंद पडतो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक शाखेत मुद्दाम थोडा रोध घालणे. वरच्याच उदाहरणात प्रत्येकी २० मिलिओहम वाढवले की फरक २० वरून ४ अँपिअरवर येतो. त्याची किंमत म्हणजे २० अँपिअरला ०.४ व्होल्टची घट आणि प्रत्येक शाखेत ८ वॉट उष्णता. हा रोध वेगळा विकत घ्यावा लागतोच असे नाही. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची दोन मीटर लांबीची जोडी, जाऊन-येऊन, साधारण १८ मिलिओहम भरते. तारा मात्र दोन्ही शाखांत सारख्याच लांबीच्या हव्यात आणि त्या भारापाशीच एकत्र याव्यात.

डायोड हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा विजेतला भाऊ. तो उलटा प्रवाह अडवतो, पण समान वाटणीची हमी देत नाही. शॉट्की या कमी घटीच्या डायोडवरही सुमारे अर्धा व्होल्ट खर्ची पडतो आणि २५ अँपिअरला बारा वॉटच्या वर उष्णता निघते. मॉसफेटने (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरने) बनवलेला ‘आदर्श डायोड’ हा खर्च बराच खाली आणतो. डायोड वगळल्यास आणखी एक धोका उरतो: एका सप्लायमधील अतिव्होल्टता-संरक्षणाचा थायरिस्टर (व्होल्टता वाढताच टोके शॉर्ट करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू झाला की तो दुसऱ्या सप्लायलाही शॉर्ट करतो. काही औद्योगिक व सर्व्हरच्या सप्लायमध्ये प्रवाह-वाटणीची स्वतंत्र तार असते. एकाच बनावटीचे सप्लाय त्या तारेने जोडता आले तर वरची बरीच खटपट वाचते.

भारनियमनानंतर लाइट परत येते तेव्हा दोन्ही सप्लाय एकाच क्षणी उभे राहत नाहीत. त्या वेळी भार जोडलेला असेल तर आधी उठलेला एकटाच सापडतो. म्हणून भार विलंबाच्या रिलेमागे, म्हणजे थोड्या वेळाने जोडणाऱ्या स्विचमागे, ठेवतात. शेतीपंप चालू असताना घरातली व्होल्टता उतरली, तर स्विचमोड सप्लाय (वीज अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टता बदलणारा) तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढतो, हेही प्लग व वायरिंग निवडताना धरावे. दोन स्विचमोड सप्लायचा गोंगाट रिसीव्हरमध्ये शिरू नये म्हणून तारा फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या कड्यांतून फिरवतात. प्रत्येक शाखेला स्वतंत्र फ्यूज लागतो.

प्रवाह एकत्र करण्याचा आग्रह नसेल तर संचाला एक आणि अँप्लिफायरला दुसरा सप्लाय देऊन फक्त ऋण टोके जोडणे अधिक निर्धोक ठरते. तिसरा मार्ग म्हणजे एकाच सप्लायला समांतर लेड-ॲसिड बॅटरी ठेवणे: बोलण्याचे झटके बॅटरी सोसते आणि ऐकण्याच्या वेळात ती पुन्हा भरते. खानदेशात लाइट गेल्यावरही संच चालू राहतो, हा वरचा लाभ. मात्र भुसावळच्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान ४५ अंशांकडे गेल्यावर १३.८ व्होल्ट अशा बॅटरीला जास्त होतात. २५ अंशांना चालणाऱ्या १३.८ ऐवजी ती तेव्हा साधारण १३.४ वर ठेवावी लागते, नाहीतर पाणी लवकर आटते.