नाडलेही : कादंबरीच्या मागचा इतिहास

अमेरिकेतल्या नाव्हाहो या आदिवासी समाजावरच्या ऐतिहासिक कादंबरीत 'नाडलेही' भेटला की मराठी वाचकाला चटकन 'तृतीयपंथी' हा शब्द सुचतो. तो जरा बाजूला ठेवावा. नाडलेही म्हणजे बदलणारा, बदलत राहणारा; स्त्री आणि पुरुष दोघांचीही कामं करणारा माणूस. नाव्हाहोंच्या (ते स्वतःला 'दिने' म्हणवतात) उत्पत्तिकथेत स्त्री-पुरुषांचं कडाक्याचं भांडण होतं. नदीपलीकडे निघालेले पुरुष नाडलेहीला विचारतात, तुझं स्वतःचं असं काय आहे? तो पाटा, भांडी दाखवतो. मग तोही त्यांच्याबरोबर निघतो, आणि पलीकडे पुरुषांची चूल पेटते ती त्याच्यामुळे.

कादंबरीकाराला हाडामांसाचा माणूस हवा असेल तर होस्तीन क्ला आहे. १८६७ चा जन्म. त्याआधी नुकतंच, १८६४ मध्ये, अमेरिकी सैन्याने पिकं आणि पीचच्या बागा जाळून हजारो दिनेंना न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोच्या बंदिछावणीपर्यंत चालवत नेलं होतं. १८६८ साली अमेरिकी सरकारशी झालेल्या तहानंतर ते परतले. क्ला नाडलेही मानला जाई. मंत्रविधी चालवणं हे सहसा पुरुषाचं काम, माग बायकांचा. क्लाने दोन्ही केलं. विधीतलं वाळूचित्र आपल्या रांगोळीसारखं क्षणिक, काम झालं की पुसायचंच. ते त्याने १९१९ च्या सुमारास लोकरीत विणलं आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. पुढे भाच्यांनाही विणायला बसवलं. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथलं संग्रहालय त्याने मेरी व्हीलराइट या बोस्टनच्या धनिक बाईंसोबत उभं केलं. १९३७ साली ते उघडण्याआधीच तो गेला.

विणकामाबद्दल एवढं सापडतं, प्रेमाबद्दल मात्र फारच थोडं. १९३५ साली विलार्ड हिल या मानववंशशास्त्रज्ञाने नाडलेहींवर लेख लिहिला, तोही 'हर्माफ्रोडाइट' (उभयलिंगी) आणि 'ट्रान्सव्हेस्टाइट' (दुसऱ्या लिंगाचा पोशाख करणारा) असे परके शब्द शीर्षकात घालून. घरात नाडलेही जन्मणं भाग्याचं समजत, हे त्यातच नोंदलेलं आहे. पण नाडलेहीने पुरुषाशी संसार करणं आणि दोन सामान्य पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करणं, या दोन गोष्टी दिनेंच्या लेखी एक नव्हत्या. कादंबऱ्या इथेच गल्लत करतात. १८७० चं पात्र स्वतःला 'टू-स्पिरिट' म्हणवू लागलं की मी पुस्तक मिटतो. अशा सगळ्या मूळनिवासी माणसांसाठीचा तो शब्द रूढ झाला १९९० च्या, कॅनडातल्या विनिपेगमधल्या मेळाव्यातून.

मधल्या काळात मिशनरी आणि निवासी शाळांनी नाडलेहीला लाजेची बाब करून टाकलं. २००५ साली नाव्हाहो कौन्सिलने, म्हणजे त्यांच्या विधिमंडळाने, समलिंगी विवाहाला मनाई करणारा कायदा केला. नाव्हाहोंचे तेव्हाचे अध्यक्ष जो शर्ली यांनी नकाराधिकार वापरला, कौन्सिलने तो उलटवला. कायद्याच्या समर्थकांनी परंपरेचा दाखला दिला. विरोधकांनीही परंपराच काढली, नदीकाठच्या त्या पाट्यावाल्याची.