‘आमचेही पाच प्रश्न घ्याल ना?’
चित्रपट प्रश्नमंजूषा ठरवणाऱ्या मंडळींसाठी

ज्यांनी आमच्याकडे कार्यक्रमाची तारीख पक्की केली आहे किंवा करायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे पत्रक. प्रश्नमंजूषा कशी असते, बझर कधी दाबायचा, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं आहे, ते पुन्हा सांगत नाही. पण एक गोष्ट दर दुसऱ्या कार्यक्रमात घडते, आणि फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसायची वेळ आली. म्हणून छापून टाकलं.

कार्यक्रम सात वाजता. पावणेसातला आम्ही प्रोजेक्टरची वायर जोडत असतो. सोसायटीचे सेक्रेटरी किंवा मंडळाचे एखादे उत्साही कार्यकर्ते येतात आणि मोबाइल पुढे करतात. “आमचेही पाच प्रश्न घ्याल ना? सोपेच आहेत.” प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, खाली उत्तरंही तयार. नाही म्हणणं जिवावर येतं, कारण चहा त्यांनीच पाजलेला असतो.

एका सोसायटीच्या गणपतीत आम्ही हो म्हणून बसलो. त्यातला पहिलाच प्रश्न: भारतातला पहिला चित्रपट कोणता? एका टीमने ‘राजा हरिश्चंद्र’ सांगितलं, आम्ही दहा गुण दिले. तेवढ्यात दुसऱ्या टीममधले एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “पुंडलिक.” झालं. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला होता. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ला. तारखांवर जाल तर ते गृहस्थ बरोबर. मग पहिल्या टीमने सांगितलं की ‘पुंडलिक’ म्हणजे चालू नाटक कॅमेऱ्यात टिपलेलं, कॅमेरामन इंग्रज, फिल्म धुवायला लंडनला पाठवलेली; तो सिनेमा कसला? तेही बरोबर. मग प्रेक्षकांतून कुणीतरी गूगल काढलं, दुसऱ्या कुणी वेगळं गूगल काढलं. वीस मिनिटं गेली आणि आरतीची वेळ झाली. शेवटची फेरी, जी आम्ही खास त्या सोसायटीसाठी बांधली होती, तशीच लॅपटॉपमध्ये राहिली. दुसऱ्या दिवशी तक्रार कुणाची? तर ज्यांनी मोबाइल पुढे केला होता त्यांचीच: “कार्यक्रम जरा आटोपता झाला.”

तर, एवढं एकच कळकळीचं सांगणं. कार्यक्रमाच्या दिवशी नवे प्रश्न देऊ नका.

यात तुमच्या ज्ञानाबद्दल शंका नाही. अडचण प्रश्नाच्या बांधणीत असते. फिरत्या प्रश्नांत ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वात जास्त’ हे शब्द हमखास असतात, आणि हे तीन शब्द म्हणजे भांडणाला आमंत्रण. लता मंगेशकरांनी गायलेलं पहिलं गाणं कोणतं? वाचायला सोपं वाटतं. ‘किती हसाल’ या १९४२च्या मराठी चित्रपटासाठी त्या गायल्या, पण ते गाणं चित्रपटातून काढलं. मग त्याच वर्षीच्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये त्यांचं गाणं आलं. पहिलं हिंदी गाणं १९४३च्या ‘गजाभाऊ’मध्ये, पण तो चित्रपट मराठी. हिंदी चित्रपटातलं पहिलं म्हणाल तर ‘आप की सेवा में’. एक प्रश्न, चार उत्तरं, आणि चारही टीमना आपापलं उत्तर खरंच ठाऊक असतं.

पहिल्या रंगीत चित्रपटाचंही तेच. ‘किसान कन्या’, १९३७, हे पाठ असलेलं उत्तर. पण कोल्हापुरात सुरू झालेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीने १९३३ सालीच ‘सैरंध्री’ रंगात करून पाहिला होता; प्रक्रिया जर्मनीत करून आणली आणि रंग बिघडले. कोल्हापूरकरांसमोर हा प्रश्न नुसता ‘पहिला रंगीत’ म्हणून विचारून बघा, मग कळेल.

दुसरी गंमत सालाची. ‘श्वास’ला सुवर्णकमळ कोणत्या साली मिळालं? पुरस्कार २००३ सालासाठीचा, जाहीर झाला २००४मध्ये. भानू अथैया यांचं ऑस्कर ‘गांधी’साठी, चित्रपट १९८२चा, सोहळा १९८३चा. दोन्ही सालं छापलेली सापडतात. म्हणून पुरस्काराचं साल आम्ही विचारतच नाही. त्याऐवजी विचारतो: कोल्हापूरच्या या वेशभूषाकार बाईंनी भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं आणि २०१२मध्ये ती बाहुली सांभाळायला अकादमीकडे परत दिली, त्या कोण? इथे ‘पहिलं’ आहे खरं, पण उत्तर त्याच्यावर टांगलेलं नाही. नाव एकच निघतं. शिवाय ते परत दिल्याचं ऐकून सभागृहात जी कुजबुज होते, ती आम्हाला हवी असते.

आम्ही शहाणे आणि ग्राहक अडाणी, असं कृपया समजू नका. आम्हीही तोंडावर आपटलो आहोत. बरीच वर्षं आमच्या संचात प्रश्न होता: ‘शोले’मध्ये सांभाला बोलायला एकच वाक्य आहे, ते कोणतं? उत्तर सगळ्यांना येतं, ते गब्बरवरच्या इनामाचं, पन्नास हजारांचं. एका ऑफिसच्या कार्यक्रमात तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या. टीममध्येही नव्हत्या, नवऱ्याबरोबर आलेल्या. म्हणाल्या, “एक नाही हो. तो खडकावर बसून पत्ते खेळतो तेव्हा जंगाशी बोलतो की.” मी हसून “क्विझमास्टरचा निर्णय अंतिम” वगैरे ठरलेलं वाक्य टाकलं. रात्री घरी आलो आणि सिनेमा लावला. बाई बरोबर होत्या. चिडीच्या राणीवरून बोलतो तो, चांगलं ऐकू येईल असं. दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसला फोन करून चूक कबूल केली आणि त्या बाईंसाठी बक्षीस पाठवलं. तेव्हापासून नियम केला: चित्रपटातल्या गोष्टीवरचा प्रश्न असेल तर तो प्रसंग स्वतः पडद्यावर बघितल्याशिवाय संचात घ्यायचा नाही. दहा ठिकाणी छापलेलं असलं तरी.

त्याच ‘शोले’चा शेवट घ्या. गब्बरचं काय होतं? १९७५ला थिएटरात ज्यांनी पाहिला ते सांगतील, पोलीस येऊन पकडून नेतात. पण आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर त्याला मारतो. तो सेन्सॉरपायी बदलावा लागला, आणि मूळ शेवटाची प्रत पुढे लोकांनी पाहिली. आजोबा आणि नातू दोघेही छातीठोकपणे सांगतात आणि दोघेही खरे. हा प्रश्न म्हणून बाद. कार्यक्रमात मधल्या वेळी सांगायला किस्सा म्हणून मात्र झकास.

‘दीड तासाचे एवढे पैसे?’

हे तोंडावर फार थोडे विचारतात, पण मनात येतं हे कळतं. दीड तासात साधारण ३६ प्रश्न होतात. ते ३६ निवडायला आमच्या दोघांचे तीन-चार दिवस जातात. प्रत्येक उत्तर किमान दोन वेगळ्या ठिकाणी तपासतो, आणि एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं असेल तर ती दोन ठिकाणं धरत नाही. जुन्या चित्रपटांसाठी श्रेयनामावली, त्या काळी थिएटरबाहेर विकायची ती गाण्यांची चोपडी, वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघतो. आमच्याकडे चोपड्यांचा एक ट्रंकभर साठा आहे, वाळवी न लागू देता ठेवलेला. त्या चोपड्यांतही चुका सापडतात, हे जाता जाता.

शिवाय एका ठिकाणी वापरलेला संच त्याच मंडळींसमोर पुन्हा येत नाही. कुठल्या सोसायटीत कुठले प्रश्न झाले याची वही आहे. दरवर्षी कोजागिरीला बोलावणारे ग्राहक आहेत आमचे. त्यांना मागच्या वर्षीचा प्रश्न ऐकू आला तर ते आम्हाला मसाला दूधही देणार नाहीत.

‘जरा अवघड करा, आमच्याकडे सगळे दर्दी आहेत’

प्रत्येक ठिकाणी असे चार-पाच दर्दी असतात आणि फोन बहुधा त्यांच्यातलाच एक करतो. उरलेल्या ऐंशी जणांचा विचार आम्हाला करावा लागतो. अवघड प्रश्न काढणं फार सोपं काम आहे. ज्याचं उत्तर अर्ध्या सभागृहाच्या जिभेवर आहे पण ओठांवर येत नाही, असा प्रश्न काढायला डोकं लागतं.

उदाहरण द्यायचं तर ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८चा चित्रपट, पण आठवीतल्या मुलालाही पाठ. तिथे सत्तर रुपयांचं काय झालं असं विचारलं तर सगळं सभागृह एका सुरात ओरडतं; हा गुणांचा प्रश्न नाहीच, हा गळे मोकळे करायचा. पुढचा: घरमालकीणबाईंचं पूर्ण नाव? इथे जरा शांतता पसरते, मग मागून एखाद्या आजी म्हणतात, “लीलाबाई काळभोर.” त्याच्या पुढचा दर्दींसाठी: ही कथा ज्यावरून घेतली तो हृषीकेश मुखर्जींचा १९६६चा हिंदी चित्रपट? ‘बीवी और मकान’ हे नाव फार थोड्यांना येतं. एकाच चित्रपटावर तीन पायऱ्या, आणि कुणीही रिकाम्या हाताने बसत नाही.

तीच युक्ती ‘राजा हरिश्चंद्र’लाही चालते. पहिला कोण हे बाजूला ठेवायचं आणि विचारायचं, त्यात तारामती कुणी केली? अण्णा साळुंके यांनी. हॉटेलात काम करणारा माणूस. बाईचं काम करायला बाई मिळेना म्हणून फाळक्यांनी त्यांना उभं केलं. मग पुढे: याच साळुंक्यांनी १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये दोन भूमिका केल्या, कोणकोणत्या? राम आणि सीता, दोन्ही. हे उत्तर सांगितल्यावर लहान मुलं जी हसतात त्यासाठी तरी हा प्रश्न संचात हवाच.

टीम पाडताना मात्र आमचं ऐका. एका बाजूला सगळे ज्येष्ठ, दुसऱ्या बाजूला सगळी कॉलेजची पोरं, असं केलं की पहिल्या दोन फेऱ्यांतच निकाल लागतो आणि हरणारी बाजू खुर्च्या मागे सरकवायला लागते. प्रत्येक टीममध्ये एक साठीपुढचं माणूस आणि एक विशीच्या आतलं. ‘संत तुकाराम’मधले तुकाराम म्हणजे विष्णुपंत पागनीस हे आजींनी सांगायचं, आणि ‘सैराट’चं संगीत कुठल्या जोडीचं हे नातवाने. एकाच टीममध्ये बसून दोघं एकमेकांकडे ज्या नजरेने बघतात, त्यासाठी लोक आम्हाला पुन्हा बोलावतात असा माझा अंदाज आहे.

मोबाइल बंद करायला सांगू नका, कुणी करत नाही. टेबलावर पालथे ठेवायला सांगा. उत्तराला वीस सेकंद असतात आणि आमचे बरेचसे प्रश्न चित्र दाखवून किंवा दोन-तीन धागे जोडून विचारलेले असतात. ते टाइप करेपर्यंत वेळ संपतो. जेवण आधी ठेवू नका. पुरणपोळीनंतर बझर कुणीही दाबत नाही.

तुमचे प्रश्न हवेतच असतील तर

हवेत, खरंच हवेत. फक्त आठ दिवस आधी द्या, म्हणजे तपासता येतील. आणि इंटरनेटवरचे नकोत. ते आमच्याकडे आहेतच. तुमच्याकडे असं काहीतरी असतं जे आम्हाला कुठेच मिळणार नाही. एका एकसष्टीला घरच्यांनी सांगितलं की काकांनी कॉलेजात असताना एकच चित्रपट एका आठवड्यात चार वेळा पाहिला होता आणि चौथ्या वेळी शेजारच्या खुर्चीवर काकू होत्या, ओळख नसलेल्या. चित्रपट कोणता, हा प्रश्न आम्ही शेवटी ठेवला. काकू बझर नसतानाही ओरडल्या. याला आम्ही ‘घरची फेरी’ म्हणतो. सहा प्रश्नांची असते, तिचे पैसे थोडे वेगळे पडतात, पण लग्नाचा संगीत, एकसष्टी, निरोप समारंभ अशा ठिकाणी ती घ्याच, असा आग्रह आहे. सोसायटीतही कुणी जुन्या थिएटरात डोअरकीपर होतं, कुणाच्या वाड्यात शूटिंग झालेलं असतं. विचारून बघा, निघतं काहीतरी.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांसाठी ऑनलाइनही करतो. अमेरिकेतली संध्याकाळ आमच्या पहाटेवर येते, एवढं लक्षात घेऊन वेळ ठरवा, म्हणजे आमचा आवाज जागा असेल.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: तारीख, माणसं किती, त्यात साठीपुढचे आणि शाळकरी साधारण किती, आणि मराठी-हिंदीचं प्रमाण कसं हवं. हॉलला पडदे आहेत का तेही बघून ठेवा, उन्हात प्रोजेक्टरवर पांढरा चौकोन सोडून काही दिसत नाही. दोन माइक लागतात, एक आमचा आम्ही आणतो.

आणि सांभाचा प्रश्न अजून संचात आहे. फक्त आता असा विचारतो: इनामाची रक्कम सांगण्याखेरीज सांभा आणखी कधी बोलतो? आजवर दोनच टीमना आला.